मास्टर सिलिंडर बदलल्यावर ब्रेक धरू लागले : एका जुन्या वॅगन-आरचे प्रकरण

ब्रेकच्या दुरुस्तीनंतर गाडी नीट थांबेनाशी झाली, तर मालक घाबरतो आणि त्याच दिवशी गाडी परत गॅरेजमध्ये नेतो. पण दुरुस्तीनंतर ब्रेक सुटेनासे झाले, तर पहिले दोन-तीन दिवस कोणाला शंकाही येत नाही. उलट ब्रेक आता पूर्वीपेक्षा छान लागतात, असेच वाटते. साताऱ्यातील ज्या गाडीची ही हकीकत आहे, तिच्या बाबतीत नेमके असेच घडले. दोष सापडायला तीन आठवडे लागले आणि दोन गॅरेजेस झाली, आणि शेवटी जो सापडला तो एक मिलिमीटरसुद्धा भरत नव्हता.

गाडी २००४ सालची वॅगन-आर, सुमारे १,१२,००० किलोमीटर चाललेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर आहे, एबीएस नाही. मालक आमच्याच गल्लीत राहणारे निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. काकांच्या गाडीचे एक नूतनीकरण २०१९ मध्ये झाले होते आणि २०२४ मध्ये दुसरे यायचे होते. तपासणीला नेण्याआधी गाडी ठाकठीक करून घ्यावी म्हणून त्यांनी ती नेहमीच्या गॅरेजमध्ये दिली. तक्रार एकच होती : सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभे राहिले की पेडल हळूहळू खाली जाते.

मिस्त्रींनी केलेले हे पहिले निदान अचूक होते, हे आधीच नोंदवून ठेवतो. चारही चाके कोरडी होती, बाटलीतील ब्रेक ऑइलची पातळी कमी होत नव्हती, तरीही दाबून धरलेले पेडल खाली सरकत होते. याचा अर्थ ऑइल बाहेर गळत नव्हते. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबले की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप; त्याच्या आतले, पिस्टनवरचे रबरी कप झिजल्याने ऑइल आतल्या आत मागे सरकत होते. त्यांनी बाजारात मिळणारा नवा मास्टर सिलिंडर बसवला, नवे ऑइल भरले, चारही चाकांची एअर (ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा) काढली आणि गाडी दिली. जुना सिलिंडर रीतीप्रमाणे पिशवीत घालून डिकीत ठेवला. या साध्या सवयीचा पुढे फार उपयोग झाला.

गाडी ताब्यात मिळाल्यावर काका खूश झाले. पेडल इतके वर लागत होते की पायाचे वजन पडताच गाडी थांबत असे. वीस वर्षांत असे ब्रेक लागले नव्हते, असे त्यांनी मला आवर्जून सांगितले. तेव्हाच मला थांबून विचारायला हवे होते की पेडल आधीपेक्षा वर का आले. कप खराब असताना पेडल खाली जाते, हे खरे. पण नवा सिलिंडर बसवल्यावर ते फार तर मूळ जागी यायला हवे, त्याच्याही वर नव्हे.

चौथ्या दिवशी काका-काकू पाचगणीला निघाले. वाईपर्यंत गाडी ठीक होती, पण वाई गावातील गर्दीतून बाहेर पडून पसरणी घाट चढू लागल्यावर ती जड चालू लागली. तिसऱ्या गिअरमध्ये जिथे चढायची, तिथे दुसरा टाकावा लागला. घाटमाथ्यावर थांबले तेव्हा जळक्या पॅडचा उग्र वास येत होता आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेववत नव्हता. अर्धा-पाऊण तास थांबल्यावर गाडी पुन्हा मोकळी झाली. उतरताना त्यांनी घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्य तितका कमी हात लावून उतरला. हे त्यांनी फार शहाणपणाचे केले. चाके अशी तापलेली असताना घाट उतरताना ब्रेक दाबत राहिले, तर कॅलिपरमधील, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातील, ऑइल उकळू शकते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. पण हवेतील दमट ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणजे सुटत नसलेला ब्रेक शेवटी न लागणारा ब्रेक होऊन बसतो, आणि तोही उतारावर.

गॅरेजमध्ये परत नेल्यावर पॅड घासून दिले गेले आणि कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावले गेले. फरक पडला नाही. मग काकांनी दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवले. तिथे दोन्ही कॅलिपर खोलून नवी किट टाकली. कॅलिपरचे जुने बूट (पिस्टनवरची रबरी आवरणे) तडकलेले होते, त्यामुळे हा खर्च अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही. पण चार दिवसांत गाडी पुन्हा जॅम झाली. आता होज पाइप (कॅलिपरकडे ऑइल नेणारी रबरी नळी) बदलून बघू, असे सांगण्यात आले. तेव्हा काका माझ्याकडे आले. मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड शिकवतो. त्यांनी विचारले, “सर, होज टाकू का?” मी म्हटले, “काका, आधी चाक गरम असताना गाडी बघू या. तोवर काहीही बदलू नका.”

गाडीला हात लावण्याआधी दोन गोष्टी विचारात घेण्यासारख्या होत्या. एक म्हणजे दोष दोन्ही बाजूंना सारखा होता. एखादा कॅलिपर अडकला किंवा एखादा होज आतून सुजला, तर एकच चाक तापते आणि गाडी त्या बाजूला ओढते. दोन्ही कॅलिपर एकाच आठवड्यात, तेही मास्टर सिलिंडर बदलल्याच्या चौथ्या दिवशी अडकावेत, हे पटण्यासारखे नव्हते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत ऑइलचे दोन मार्ग तिरके असतात, म्हणजे डावे पुढचे चाक उजव्या मागच्या चाकाशी आणि उजवे पुढचे डाव्या मागच्याशी जोडलेले असते. त्यामुळे दोन्ही पुढची चाके धरत असतील, तर दोन्ही मार्गांत दाब अडकलेला आहे, आणि दोन्ही मार्ग एकत्र येतात ते फक्त मास्टर सिलिंडरपाशी. दुसरे, गाडी थंड झाल्यावर ब्रेक आपोआप सुटत होते. गंजाने किंवा घाणीने अडकलेला पिस्टन केवळ थंड झाला म्हणून असा नेमाने सुटत नाही.

एक शंका मात्र सर्वांत आधी दूर करावी लागते. बाटलीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल पडले असेल, तर ब्रेकमधील सगळे रबर फुगते आणि मग कितीही जुळवाजुळव केली तरी उपयोग नसतो. रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. म्हणून मी पहिल्यांदा बाटलीचे झाकण उघडून त्यातील रबरी पडदा पाहिला. तो आकाराने नेहमीसारखा होता, फुगून लिबलिबीत झालेला नव्हता. ऑइल योग्य होते.

पुढचे समजण्यासाठी ब्रेक सुटतो कसा, हे पाहायला हवे. ब्रेक लागण्याची क्रिया सगळ्यांना ठाऊक असते. सुटण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मास्टर सिलिंडरच्या भिंतीत, बाटलीकडे उघडणारे एक बारीक छिद्र असते. त्याला कॉम्पेन्सेटिंग पोर्ट म्हणतात. पेडल पूर्ण वर असते तेव्हा पिस्टनचा कप या छिद्राच्या किंचित मागे उभा असतो आणि चाकांकडील ऑइल बाटलीशी मोकळेपणे जोडलेले असते. पेडल दाबले की कप पुढे सरकतो, छिद्र झाकले जाते आणि त्यानंतरच दाब तयार होतो. पाय काढल्यावर कप पुन्हा छिद्रामागे गेला, तरच उरलेला दाब निघून जातो. चाकांजवळचे ऑइल तापून प्रसरण पावते, तेव्हाही जास्तीचे ऑइल याच वाटेने वर येते. कप पाऊण मिलिमीटर आधीच अडला, तर छिद्र कायमचे झाकलेले राहते. मग तापलेले ऑइल फुगते, त्याला जायला जागा नसते, दाब वाढतो, पॅड डिस्कला घासतात आणि त्या घर्षणाने ऑइल आणखी तापते. शिवाय पेडल झटकन सोडले की कपाच्या कडेवरून थोडे ऑइल पुढच्या भागात उतरते. एरवी ते छिद्रातून परत येते, पण छिद्र बंद असेल तर तेही आत अडकते. काकांची गाडी मोकळ्या रस्त्यावर बरी चालत होती आणि वाईच्या गर्दीनंतर जड झाली, याचे कारण हेच होते.

मागची चाके फारशी का तापत नव्हती, याचेही उत्तर यात आहे. ड्रममधील शूंना, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना, मागे खेचणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात, आणि अडकलेला दाब त्या स्प्रिंगांवर मात करण्याइतका वाढेपर्यंत शू ड्रमला टेकत नाहीत. डिस्कच्या पॅडला अशी स्प्रिंग नसते. कॅलिपरचे रबरी सील जेमतेम पिळले जाऊन पिस्टनला केसभर मागे आणते, एवढेच.

आता गाडी जॅम झालेल्या स्थितीत मिळणे गरजेचे होते. थंड गाडीवर कितीही तपासण्या केल्या तरी हा दोष दिसत नाही. पहिल्या दोन्ही ठिकाणी गाडी रात्रभर उभी राहून थंड झाल्यावर खोलली गेली होती, म्हणूनच तो त्यांच्या हाती लागला नाही, असे मला वाटते. आम्ही सकाळी पोवई नाका ते राजवाडा अशा दोन फेऱ्या मारल्या, मुद्दाम गर्दीच्या वेळी. दुसऱ्या फेरीत गाडी उतारावरही न्यूट्रलमध्ये सरकेना. घरी आणून चाकांना ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकवर घेऊन दोन्ही बाजूंना स्टँड दिले. तापमापक यंत्राने पाहिले तर डाव्या कॅलिपरचे तापमान १४८ अंश, उजव्याचे १४१, आणि मागच्या ड्रमचे साठाच्या आसपास. (हे यंत्र चकचकीत डिस्कवर धरले तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो, म्हणून ते कॅलिपरच्या काळपट अंगावर धरावे.) दोन्ही चाके हाताने फिरत नव्हती.

इंजिन बंद करून मी आधी पेडल पायाच्या अंगठ्याने वर ओढून पाहिले. काही झाले नाही. ब्रेकच्या दिव्याचा स्विच पेडलला दाबून धरत असेल, तरी अशीच लक्षणे दिसतात, म्हणून स्विच सैल करून मागे घेतला. तरीही चाके घट्टच राहिली. मग १२ नंबरच्या पान्याने बूस्टरवर मास्टर सिलिंडर धरणारे दोन नट आळीपाळीने सैल करत गेलो. लोखंडी पाइप एवढे लवतात; ते खोलावे लागत नाहीत. सिलिंडर बूस्टरपासून साधारण दोन मिलिमीटर पुढे सरकला असेल, तोच डाव्या चाकाजवळ बसलेल्या काकांनी हाक दिली, “सुटलं!” चाक हाताने गरकन फिरत होते. उजवेही फिरत होते.

एवढ्याने दोषाची जागा नक्की झाली, पण मला ती डोळ्यांनी पाहायची होती. मी नट पुन्हा घट्ट केले, बाटलीचे झाकण काढले, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि काकांना पेडल अगदी हलकेच, बोटभर दाबायला सांगितले. ऑइलचा पृष्ठभाग स्थिर राहिला. नट सैल करून तेच पुन्हा केले, तेव्हा पेडल हलताक्षणी बाटलीच्या तळातून एक बारीकशी उसळी वर आली आणि ऑइलवर वर्तुळ उमटले. छिद्र उघडे असेल, तर कप ते झाकण्याआधी थोडे ऑइल वर ढकलतो. तीच ही उसळी. ती दिसत नसेल, तर छिद्र आधीपासूनच झाकलेले आहे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही. पेडल मात्र जोरात दाबू नये आणि तोंड बाटलीवर आणू नये. ब्रेक ऑइल डोळ्यांना अपाय करते आणि बॉनेटच्या रंगाचीही वाट लावते.

नट सैल करूनही चाक सुटले नसते, तर शोध खाली सरकवत न्यायचा होता. मास्टर सिलिंडरवरील पाइपचा नट १० नंबरच्या पान्याने किंचित सैल केल्यावर चाक सुटले, तर दोष मास्टर सिलिंडरच्या आत आहे. तिथेही सुटले नाही, पण कॅलिपरचा निपल (एअर काढण्याचा स्क्रू) उघडल्यावर पिचकारी उडून चाक सुटले, तर मधला होज आतून बंद झाला आहे. तो ऑइल जाऊ देतो, पण येऊ देत नाही, आणि बाहेरून अगदी नवा दिसतो. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर मात्र कॅलिपर, पिना किंवा पॅड खरोखर अडकले आहेत. दाब कुठे कोंडला आहे, हे वरून खाली असे एकेक दार उघडून पाहायचे असते. काकांच्या गाडीवर मात्र काम शेवटच्या दारापासून सुरू झाले होते, आणि दुरुस्तीत ज्या भागाला हात लागला होता तोच तपासायचा राहिला होता.

पहिल्या मिस्त्रींना मी फोन केला. ते अनुभवी गृहस्थ आहेत आणि त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिले : “सर, पेडलला प्ले आहे की. रॉड दाबत असता तर प्ले राहिला असता का?” हा समज फार ठिकाणी आढळतो आणि तो समजण्यासारखाही आहे. बूस्टर असलेल्या गाडीत रॉड दोन असतात. पेडलकडून बूस्टरमध्ये जाणारा एक, आणि बूस्टरमधून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला टेकणारा दुसरा. हाताला जाणवतो तो पहिल्या रॉडचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. दुसऱ्या रॉडची फट पेडलवरून कळतच नाही. ती मोजावीच लागते.

म्हणून पाइप खोलून सिलिंडर काढला आणि व्हर्निअरने मोजला. बसण्याच्या तोंडापासून पिस्टनच्या खाचेच्या तळापर्यंतची खोली नव्या सिलिंडरमध्ये जुन्यापेक्षा पाऊण मिलिमीटरने कमी भरली. डिकीतला जुना सिलिंडर नसता, तर ही तुलना करता आली नसती. बूस्टरचा रॉड जुन्या पिस्टनच्या मापाने लावलेला होता. नवा पिस्टन त्या रॉडवर येऊन बसला आणि कायम तेवढा पुढे ढकललेला राहिला. दोन्ही भाग आपापल्या जागी निर्दोष होते. चूक त्यांच्या जोडणीत होती. पेडल इतके वर का लागत होते, याचा उलगडाही इथेच झाला : कप आधीच छिद्राच्या पुढे असल्याने पहिल्या स्पर्शापासून दाब तयार होत होता.

रॉडच्या टोकाला जुळवणीचा स्क्रू असतो. तो फिरवताना रॉड बाहेर ओढू नये, हे मी विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. काही बूस्टरांत रॉडच्या मागे रबराची एक चकती असते. रॉड ओढला की ती आत पडते, आणि मग ब्रेक पायाला टेकताच गच्च लागू लागतात. मी रॉड पकडीने जागीच धरून स्क्रू थोडा थोडा आत घेतला. कंपनीच्या पुस्तिकेत यासाठी खास गेज सांगितलेले असते आणि काही गाड्यांत इंजिनची व्हॅक्यूम लावून माप घ्यायला सांगतात, कारण तेव्हा रॉडची जागा किंचित बदलते. आमच्याकडे गेज नव्हते, म्हणून व्हर्निअरच्या मापाला दुसरा आधार घेतला. काकांच्या नातीच्या खेळण्यातील मातीची वाटाण्याएवढी गोळी पिस्टनच्या खाचेत ठेवली, सिलिंडर बसवून नट आवळले आणि पुन्हा काढला. पहिल्या खेपेला रॉडने माती पूर्ण फाडून धातूला धातू लावला होता. तिसऱ्या खेपेला पोस्टकार्डाच्या जाडीचा अखंड पापुद्रा राहिला. फट हवी, पण एवढीच. जास्त ठेवली तर पेडलचा पहिला भाग रिकामा जातो. माती पुसून काढली, पाइप जोडले, बाटलीतील उसळी पुन्हा पाहिली आणि चारही चाकांची एअर काढली.

पुढच्या कॅलिपरमधून निघालेले ऑइल तीन आठवड्यांपूर्वीच भरलेले होते, तरी ते काळ्या चहासारखे दिसत होते. ते सगळे बदलले. पॅडच्या तोंडावर काचेसारखी चमक आली होती. अशा पॅडवर पॉलिश पेपर मारून भागत नाही, म्हणून नवे घातले. डिस्क निळसर झाल्या होत्या, पण वाकल्या नव्हत्या आणि जाडीही पुरेशी होती. चाकांच्या बेअरिंगचा आवाज तपासला, तो स्वच्छ होता. होज बदलावे लागले नाहीत.

संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आलो. वर पोहोचल्यावर, उतरण्याआधी, दोन्ही कॅलिपर ४८ आणि ५० अंशांवर होते. खाली आल्यावर साहजिकच जास्त तापलेले होते, पण जॅकवर घेताच चाके बोटाने फिरली.

तिसऱ्या दिवशी काकांचा काळजीचा फोन आला. पेडल पूर्वीसारखे वर लागत नाही, पुन्हा खाली जायला लागले की काय, असे त्यांनी विचारले. मी जाऊन पाहिले. दाबून धरलेले पेडल एका जागी ठाम होते. फक्त ते सात-आठ मिलिमीटर खाली लागत होते. पेडलची तरफ साधारण एकास चार असते, म्हणजे पिस्टनपाशी सोडलेली फट आणि छिद्र झाकेपर्यंतचा प्रवास पायाखाली चौपट होऊन जाणवतो. तेवढ्या अंतरात कप छिद्रामागे उभा असतो आणि चाके मोकळी राहतात, हे मी त्यांना बाटलीचे झाकण उघडून, काकूंना पेडलवर बसवून दाखवले. उसळी उठली तशी काकांनी मान हलवली आणि पुढच्या रविवारी पाचगणीला जायचे ठरवले.